आपटा, बन्नी, जम्मी : सीमाभागातील देशी वनस्पती आणि त्यांचे लोकशिक्षण

दसऱ्याच्या संध्याकाळी बिदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी यांपैकी कोणत्याही गावी आपल्या घरांतून सोने वाटले जाते ते आपट्याच्या पानांचे. शेजारच्या कन्नड घरातून येणाऱ्या सोन्याला तेथली मंडळी 'बन्नी' म्हणतात. झहीराबादकडचे तेलुगू पाहुणे त्याच दिवशी 'जम्मी' हातावर ठेवतात. आपण ही सारी पाने एकाच तबकात ठेवतो, थोरांच्या पाया पडतो आणि फराळाला बसतो.

ती पाने तबकातून उचलून एकदा नीट पाहावीत. आपट्याचे पान एकच, पण मध्ये चिरलेले, गाईच्या खुराच्या ठशासारखे, हाताला किंचित खरखरीत लागणारे. बन्नीची आणि जम्मीची डहाळी मात्र अगदी बारीक पानोळ्यांची, बाभळीच्या वळणाची. बन्नी आणि जम्मी ही एकाच झाडाची नावे आहेत. मराठीत आपण त्याला शमी म्हणतो, आणि गणपतीच्या पत्रीत ते आपल्याही घरी येते. म्हणजे सण एक, झाडे दोन आणि नावे चार. पिढ्यान्पिढ्या या मुलखात राहिलेल्या घरांना यात नवल वाटत नाही. पण याच घरांतल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाला गावाबाहेर नेऊन 'यातली शमी कोणती, ते दाखव' असे म्हटले, तर बहुतेक वेळा त्याला उत्तर देता येणार नाही. पुष्कळदा आपल्यालाही येणार नाही.

वाचकहो, निसर्गशिक्षण, देशी वनस्पती, संवर्धन हे शब्द आपण शाळांच्या फलकांवर, वनखात्याच्या भिंतींवर आणि वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. हे शिक्षण आजवर कसे दिले गेले, ते कोठे अडते आणि साहित्याशी नाते सांगणाऱ्या मंडळींचे त्यात काय काम आहे, हे या व्याख्यानात मांडायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, वनस्पतींची ओळख नावापासून सुरू होते, आणि आपल्या जिल्ह्यांत ती नावे तीन-चार भाषांत घराघरांत पडून आहेत. ती माहीत असलेली माणसे आहेत तोवरच नाव आणि झाड यांची गाठ घालून ठेवता येईल.

देशी म्हणजे काय?

माणसाने आणून न लावता जी वनस्पती एखाद्या प्रदेशात आपोआप उगवत आली, तिथल्या मातीशी, पावसाशी, किडामुंगीशी आणि पाखरांशी जिचे हजारो वर्षांचे जमलेले आहे, ती तिथली देशी वनस्पती. आपल्याकडचे कडुनिंब, पळस, करंज, उंबर, वड, बाभूळ, हिवर, बोर, तरवड, आपटा, शमी ही नावे या यादीत सहज येतात.

पण केवळ जुनी ओळख आहे म्हणून एखादे झाड देशी ठरत नाही. आपल्या गावाची वेस ज्या चिंचेशिवाय डोळ्यांपुढे येत नाही, ती चिंच मूळची आफ्रिकेतली. ती इतक्या प्राचीन काळी आली की घरचीच झाली. सीताफळ आणि मिरची अमेरिकेतून आली. मिरचीला परकी म्हणून घराबाहेर काढले तर आपला ठेचा कशाचा करणार? गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मध्य अमेरिकेकडची. बाहेरून आलेली प्रत्येक वनस्पती वाईट, असा याचा अर्थ नव्हे. बहुतेक पाहुणे आपापल्या जागी बसून राहतात.

काही पाहुणे मात्र घरच बळकावतात. गाजर गवत पुण्याजवळ १९५० नंतरच्या दशकात प्रथम नजरेस आले. आज आपल्या शेताच्या बांधापासून बसस्थानकाच्या कुंपणापर्यंत ते सर्वत्र आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे त्याला काँग्रेस हे टोपणनाव पडले आहे. दुसरे उदाहरण वेड्या बाभळीचे. कन्नडमध्ये तिला बळ्ळारी जाली म्हणतात. अमेरिका खंडातली ही झुडुपवजा बाभूळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरड्या जमिनी हिरव्या करण्यासाठी मुद्दाम आणली गेली. शेळ्यामेंढ्या तिच्या गोडसर शेंगा खातात, बिया लेंड्यांतून दूरवर पडतात, आणि तोडली तर बुडख्यापासून ती पुन्हा फुटते. तिचे सरपण गरिबांच्या चुली पेटवते, हेही खरे आहे. पण ती जिथे दाट होते, तिथे खाली गवत उरत नाही.

आता गंमत पाहा. वेडी बाभूळ ही आपल्या शमीची चुलत बहीण आहे. वनस्पतिशास्त्रात शमी म्हणजे प्रोसोपिस सिनेरारिया, आणि वेडी बाभूळ म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. दुरून दोन्हींची पाने सारखीच बारीक. फरक काट्यांत आहे. शमीचे काटे लहान, सरळ आणि फांदीवर विखुरलेले असतात. वेड्या बाभळीचे काटे लांब, पानाच्या बुडाशी आणि बहुधा जोडीने येतात. शमीच्या शेंगा बारीक आणि लोंबत्या. वेड्या बाभळीच्या जाड, पिवळसर आणि किंचित वाकड्या. ज्याला हा फरक कळतो, तो माळ साफ करताना शमीवर कुऱ्हाड चालवणार नाही. ज्याला कळत नाही, त्याच्या हातून दसऱ्याला पुजलेले झाड वेडी बाभूळ समजून तोडले जाईल. निसर्गशिक्षणाने व्यवहारात काय बदलते, असे कोणी विचारले तर हे उदाहरण पुरेसे आहे.

आपला माळ पडीक नाही

देशी वनस्पती म्हटले की आपल्या मनात मोठे झाड येते. पण बिदर आणि कलबुर्गी हा मुख्यतः गवताचा आणि झुडुपांचा मुलूख आहे. बिदरचे पठार काळ्या खडकावर बसलेल्या जांभ्याच्या टोपीसारखे आहे. त्यावरची माती ठिकठिकाणी इतकी उथळ की मोठ्या झाडाची मुळे रुजायला जागा नसते. खाली उतरावे तशी काळी, भेगाळणारी जमीन लागते, आणि पुढे भीमेच्या खोऱ्यापर्यंत तीच सोबत करते. अशा जमिनीवर पवना, मारवेल, कुसळी अशी गवते, मध्येच तरवडाची पिवळी फुले, एखादा हिवर, एखादी बोर हीच निसर्गाची मांडणी असते. आपण जिला तरवड म्हणतो तिला कन्नडमध्ये आवरिके किंवा तंगडी, आणि तेलुगूत तंगेडू. शेजारच्या तेलंगणाने याच तंगेडूला राज्यपुष्प केले, आणि जम्मीला, म्हणजे शमीला, राज्यवृक्ष.

या गवतावर बिदरचे काळवीट जगतात. काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी आहे. दूरवर नजर पोहोचणे आणि वेगाने धावणे हीच त्याची ढाल. माळावर झाडांची दाटी केली तर झाडे दिसतील, पण काळवीट निघून जातील. देवणी गाय आणि देवणी बैल ज्यांच्या गोठ्यात होते, त्या घरांना गवताची किंमत वेगळी सांगायला नको. लातूरच्या देवणी गावावरून नाव पडलेला हा वाण बिदरमध्येही तितकाच घरचा आहे, आणि त्याचे पोषण याच गायरानांवर झाले.

पाण्याचाही विचार करा. बिदरजवळ नौबादला जमिनीखाली जो करेज आहे, ज्याला आपण सुरंग बावडी म्हणून ओळखतो, तो पंधराव्या शतकातला, बहामनी काळातला. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो आणि खालच्या कठीण खडकाशी अडतो. त्या सांध्यावरचे पाणी बोगद्याने वाहवत नेण्याची ती युक्ती होती, आणि हवा व उजेड यांसाठी वरून विहिरींसारखी तोंडे ठेवलेली होती. २०१४ साली जागतिक स्मारक निधीने ऐतिहासिक बिदर शहराचा समावेश आपल्या लक्ष्यवेधी यादीत केला, तेव्हापासून करेजकडे बाहेरच्या लोकांचेही लक्ष गेले. पण पाणी मुरायचे तर वरची जमीन उघडी राहून, धुऊन जाऊन चालत नाही. गवताची मुळे माती धरून ठेवतात आणि पावसाचा वेग मोडतात. बोगदा साफ केला आणि वरचा माळ खरवडून टाकला, तर जपणूक अर्धीच झाली.

तरीही सरकारी दप्तरात अशा जमिनीला 'पडीक' किंवा 'बंजर' म्हणण्याची रीत जुनी आहे, आणि आपणही तोच शब्द उचलला. पडीक म्हटले की मोकळी, आणि मोकळी म्हटले की काहीही करायला हरकत नाही, असे मन धरून चालते. लोकशिक्षणाचा पहिला धडा या एका शब्दापासून सुरू व्हायला हवा.

दाट जंगल पाहायचे तर कलबुर्गी जिल्ह्यातले चिंचोळी आहे. २०११ साली तिथे सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. पानगळीचे कोरडे जंगल, चंदन, रक्तचंदन, चंद्रंपळ्ळीचा जलाशय आणि आतबाहेर वसलेले लमाणी तांडे असा तो परिसर आहे. कोरड्या प्रदेशातले दक्षिणेतले पहिले अभयारण्य म्हणून त्याचे नाव घेतले जाते. आपल्यापैकी किती कुटुंबे तिथे गेली असतील? पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आपण किल्ला दाखवतो, गुरुद्वारा दाखवतो, गाणगापूरला नेतो. चिंचोळी राहूनच जाते.

रोपांची मोजणी आणि त्यापलीकडे

निसर्गाचे सार्वजनिक शिक्षण आपल्या देशात वनमहोत्सवापासून धरायला हरकत नाही. १९५० साली केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो सुरू केला. आपल्या वडीलधाऱ्यांना हे नाव दुसऱ्या कारणाने आठवत असेल. १९४८ साली पोलीस ॲक्शनच्या आधी हैदराबादेत भारत सरकारचे एजंट जनरल म्हणून होते, तेच हे मुन्शी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोपे लावण्याची प्रथा तेव्हापासून चालू आहे.

पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात आणण्याचे आदेश दिले. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या नावाने शाळाशाळांत इको क्लब निघाले. कर्नाटक वनखात्याचा 'चिण्णर वनदर्शन' हा कार्यक्रम सरकारी शाळांतल्या मुलांना प्रत्यक्ष जंगलात नेतो. कलबुर्गीला १९८४ पासून जिल्हा विज्ञान केंद्र आहे, आणि तिथे आपल्या मुलांच्या शाळांच्या सहली जातातच.

म्हणजे शिकवणारे नाहीत, अशी स्थिती नाही. अडचण आहे ती शिकवण्याच्या मापात. वनमहोत्सवाने आपल्याला रोपे मोजायची सवय लावली. इतकी रोपे लावली, इतके खड्डे खणले, इतक्या मुलांनी भाग घेतला, हे आकडे अहवालात चांगले दिसतात. रोपवाटिकेत जे लवकर वाढते तेच खड्ड्यात जाते, आणि तरवड, हिवर, आपटा तिथे क्वचितच असतात. शिवाय गवत लावल्याचा फोटो कोणी काढत नाही. मुलाच्या हाती रोप येते, पण ते कोणाचे, ते कोठून आले आणि इथे त्याच्याआधी काय उगवत होते, हे त्याला कळत नाही.

चांगल्या कार्यक्रमाची खूण वेगळी असते. त्यात मूल एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाते. देशात 'सीझनवॉच' नावाचा एक उपक्रम या तत्त्वावर चालतो. एक झाड निवडायचे, दर आठवड्याला त्याची कोवळी पाने, जून पाने, कळ्या, फुले आणि फळे किती, एवढेच टिपायचे. अशा हजारो नोंदी एकत्र आल्या की ऋतू कसे सरकत आहेत, ते दिसू लागते. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, एक वही लागते.

आणखी एक सोपा प्रयोग सांगतो. पावसाळा सरल्यावर माळावरून कुसळीचे वाळलेले कुसळ आणावे. धोतरात, सॉक्सात घुसणारे तेच ते. ते ओले केले की त्याची शेपटी पीळ सोडत गोल फिरू लागते, आणि वाळले की पुन्हा पीळ धरते. दिवसरात्रीच्या दमट-कोरड्या हवेने असे फिरत फिरत ते बी स्वतःच जमिनीत शिरते. मुलाने हे एकदा पाहिले की त्याच्या लेखी कुसळी ही नुसती टोचणारी कटकट राहत नाही.

जैवविविधता नोंदवही : आपल्या रकान्याची गोष्ट

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. २००२ साली देशात जैविक विविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपालिका पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि त्या समितीचे मुख्य काम लोकांच्या साह्याने जैवविविधता नोंदवही तयार करण्याचे. गावात कोणती पिके आहेत, कोणते वाण गेले, कोणती झाडे, वेली, गवते, पाखरे, मासे आहेत, त्यांचा उपयोग कोण करते, कोणाला त्यांची माहिती आहे, हे सारे त्यात लिहायचे.

या कल्पनेमागे पुण्याचे, पण ज्यांची कर्मभूमी बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होती, त्या माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला होता. गावकऱ्यांना आपल्या परिसराचे जे ज्ञान असते, ते तज्ज्ञाच्या ज्ञानाइतकेच गंभीरपणे लिहून ठेवले पाहिजे, हा त्यांचा आग्रह नोंदवहीच्या मुळाशी आहे.

पण कायदा झाल्यावर बरीच वर्षे काम रेंगाळले. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बजावले की ३१ जानेवारी २०२० पर्यंत सर्व नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर त्यानंतर राज्याला दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील. त्यानंतर देशभर वेगाने काम झाले. आज अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या तयार आहेत. इतक्या घाईत लिहिलेल्या वहीत गावातल्या म्हातारीला विचारून काय लिहिले गेले आणि शेजारच्या गावाच्या वहीवरून काय उतरले, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. कायद्याने मात्र ही वही बंद झालेली नाही. ती वेळोवेळी सुधारायची, वाढवायची असते. समितीत गावचीच माणसे असतात, आणि एक तृतीयांशाहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया असायला हव्यात.

या नोंदवहीत वनस्पतीपुढे शास्त्रीय नावाचा एक रकाना असतो आणि स्थानिक नावाचा एक. दुसरा रकाना आपला आहे.

आपल्या गावांत स्थानिक नाव म्हणजे एक नाव नसते. कडुनिंबाला आपल्याकडे लिंब, कन्नडमध्ये बेवु, तेलुगूत वेप. पळस म्हणजे मुत्तुग, तेलुगूत मोदुग. करंज म्हणजे होंगे आणि कानुग. उंबर म्हणजे अत्ति, मेडि आणि दखनीत गूलर. लमाणी तांड्यात आणखी वेगळे. एकाच भाषेचे नाव लिहिले की बाकीच्यांचे ज्ञान वहीबाहेर राहते. आणि नुसते नाव लिहूनही भागत नाही. कर्नाटकात शमीप्रमाणेच खैराच्या जातकुळीतल्या एका काटेरी झाडालाही 'बन्नी' म्हणतात. मग तुमच्या गावच्या बन्नीकट्ट्यावर नेमके कोणते झाड आहे? ते जाऊन, पान आणि काटा पाहूनच सांगता येईल. आपट्याचेही तसेच. दसऱ्याच्या बाजारात पुष्कळदा कांचनाची मोठी पाने आपटा म्हणून विकली जातात. म्हणून नोंद पक्की व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात : लोकांच्या तोंडातली सगळी नावे, हातातली डहाळी आणि शास्त्राचे नाव.

शास्त्राच्या बाजूने साधने आहेत. वि. ना. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९९८ साली निघाला. गुलबर्गा विद्यापीठाने २००० साली या जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. यात एक गोष्ट ध्यानात येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली, उदगीर-निलंगा तिकडे गेले, भालकी-औराद इकडे राहिले. तशीच वनस्पतींची पुस्तकेही राज्याच्या रेषेवर थांबली. औरादच्या माळावरचा आपटा आणि देवणीच्या माळावरचा आपटा एकच, पण त्यांची नोंद दोन ग्रंथांत. दोन्हीकडची नाती, सोयरिकी आणि भाषा सांभाळणारी आपली घरे ही रेषा ओलांडून दोन्ही पुस्तके शेजारी ठेवू शकतात.

साहित्य संस्थेचे यात काय काम, असे कोणी विचारील. मराठीपुरते तरी त्याचे उत्तर सोलापूरने देऊन ठेवले आहे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्यात नोकरी करताना त्यांनी आदिवासींकडून पाखरांची, झाडांची नावे गोळा केली, आणि सारंगागार यांसारखे शब्द मराठी वाचकाच्या हाती दिले. २००६ साली सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. झाडांचे शब्द जमवणे हे साहित्याचे काम आहे, हे मराठीने तिथे मान्य केले.

सणांचे पंचांग, निसर्गाचा वर्ग

नवा कार्यक्रम आखायला नवे दिवस शोधावे लागत नाहीत. आपले पंचांगच निसर्गाचा अभ्यासक्रम आहे.

वटपौर्णिमेला वडाची फांदी तोडून घरी आणण्याऐवजी वडापाशी जावे, आणि त्या निमित्ताने गावातले सारे वड, पिंपळ, उंबर मोजावेत. उंबर आपल्याला गाणगापुरामुळे, वाळक्या लाकडाला पालवी फुटल्याच्या गुरुचरित्रातल्या कथेमुळे परिचित आहे. मुलांना त्यापुढचेही दाखवावे. उंबराचे फूल फळाच्या आत असते, इवली गांधीलमाशी आत शिरून परागीकरण करते, आणि इतर झाडे रिकामी असतात तेव्हाही उंबर फळतो, म्हणून कितीतरी पाखरे आणि वटवाघळे त्याच्यावर तगतात.

गणेशचतुर्थीला एकवीस पत्री एकेक करून ओळखावी. आघाडा, माका, डोरली, शमी, रुई कोठे मिळतात ते पाहावे. देवदार हिमालयातला, तो आपल्याकडे कोठून येणार, हा प्रश्न मुलेच विचारतील. दसऱ्याला आपटा, कांचन आणि शमी शेजारी ठेवाव्यात. संक्रांतीच्या बोरन्हाणाला बोराचे झाड दाखवावे. होळीला पळस. पाडव्याला कडुनिंबाचा मोहोर, आणि शेजारच्या घरातले बेवु-बेल्ल.

सर्वांत मोठा वर्ग भरतो तो येळवशीला. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिवपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत सारी गावे शेतात असतात. कडब्याची कोप, आंबील, उंडे आणि भज्जी. त्या दिवशी जेवणानंतर तासभर आजीबरोबर बांधावरून चालावे. पाथरी, तांदुळजा, घोळ, गोखरू, आघाडा, जे दिसेल ते विचारावे. तणनाशकाने बांध स्वच्छ होतो, तेव्हा हेच जाते.

बांधावरच्या एका वेलीचे नाव मुद्दाम सांगतो. रानतूर. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपल्या घरचा पैसा अजूनही तुरीवर उभा आहे. त्या तुरीची ही रानातली नातलग, जमिनीलगत पसरणारी, बारीक केसाळ शेंगांची. हैदराबादजवळच्या पटनचेरूला १९७२ पासून असलेल्या इक्रिसॅट संस्थेत तुरीच्या अशा रानटी नातलगांवर संशोधन होत आले आहे, कारण शेंगा पोखरणाऱ्या अळीला तोंड देण्याचे गुण रानतुरीत आहेत. ज्या बांधावर रानतूर उरते, तिथे उद्याच्या वाणाचे बी उरते. तुरीचा भाव पडला की आपण सगळे बोलतो. रानतूर संपली तर ते आपल्या लक्षातही येणार नाही, कारण तिचे नावच कोणाला ठाऊक नसेल.

थोड्या मर्यादा पाळाव्यात. पाने-फुले आणताना रोप उपटू नये. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीने आणि त्यांच्या माणसाबरोबर जावे. चंदनासारखी चोरीला जाणारी झाडे नेमकी कोठे आहेत, ते छापू नये. कोणी औषधी उपयोग सांगितला तर 'असे सांगतात' म्हणून लिहून ठेवावा, स्वतःवर किंवा मुलांवर प्रयोग करू नये.

आणि एक प्रत्यक्ष विनंती. ही पुस्तिका ज्या घरी जाईल, तिथे एका साध्या वहीत पाच रकाने आखावेत : मराठी नाव, कन्नड नाव, तेलुगू किंवा दखनी नाव, कोठे दिसले, कोणी सांगितले. शेजारी डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, सुकवून ठेवावी. वर्षभरात वीस वनस्पती झाल्या तरी पुष्कळ. शास्त्रीय नाव महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून भरून घ्यावे, आणि ती पाने आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जैवविविधता समितीकडे रीतसर अर्जासोबत द्यावीत. कन्नड रकाना भरायला शेजारच्या घरी जावे लागेल, तेलुगूसाठी आणखी एका घरी. दसऱ्याला आपण तसेही एकमेकांकडे जातो. या वर्षी सोने देताना पान कोणत्या झाडाचे, ते तेवढे विचारून यावे आणि त्याच रात्री वहीत उतरवावे.